धाराशिवहून मुंबईला जाऊन 'कंटेम्पररी डान्स' बघायचाय? काय बघाल, कुठं बघाल आणि परतीची गाडी कशी धराल

'कंटेम्पररी' हा शब्द धाराशिवमध्ये आता नवा राहिलेला नाही. कॉलेजच्या गॅदरिंगच्या यादीत लावणी, फ्युजन, देशभक्तीपर गीत यांच्या रांगेत 'कंटेम्पररी सोलो' असतोच. इन्स्टावर तर विचारूच नका. पावसाचं गाणं, मोकळे केस, जमिनीवर एक गिरकी आणि शेवटी डोळ्यांत पाणी, असा साचाच ठरून गेलाय.

हा शब्द घराघरात पोचवला तो टीव्हीनं. २००९ मध्ये झी टीव्हीवर 'डान्स इंडिया डान्स' सुरू झालं. परीक्षकांच्या खुर्चीत टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि गीता कपूर होते. त्यातल्या टेरेन्स लुईस यांनी हा प्रकार लोकांना समजावून सांगितला आणि तालुक्याच्या गावापर्यंत डान्स क्लासच्या पाट्यांवर 'कंटेम्पररी' लागलं.

पण जो प्रकार इतकी मुलं-मुली शिकतात, तो पूर्ण लांबीचा, दिवे-संगीत-रंगमंचासह त्यातल्या किती जणांनी समोर बसून बघितलाय? दीड मिनिटाचं रील आणि एक तासाचा प्रयोग यांत खूप अंतर आहे. हे अंतर कापायचं असेल तर धाराशिवच्या माणसाला मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. म्हणजे दोन रात्री, गाडीचं तिकीट, राहायची सोय आणि घरच्यांची परवानगी. एवढं सगळं करून बघितलेला कार्यक्रम फुसका निघाला तर पैसे गेल्याचं दुःख वेगळं आणि 'बघ, सांगितलं होतं ना' हे ऐकावं लागतं ते वेगळं.

म्हणूनच, जायचंच असेल तर काय बघावं, याची ही माहिती.

टीव्हीवरचं वेगळं, रंगमंचावरचं वेगळं

मराठीत याला 'समकालीन नृत्य' म्हणतात. संगीत नाटक अकादमी पुरस्कार देताना 'सर्जनशील नृत्य' असा गट करते, त्यात हे बऱ्यापैकी बसतं. भरतनाट्यम किंवा कथकसारखं याला ठरलेलं व्याकरण नाही. हस्तमुद्रांचा कोश नाही, ठरलेला पोशाख नाही, घुंगरू हवेतच असं नाही. कधीकधी संगीतही नसतं. नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक एखादा प्रश्न, अनुभव किंवा नुसती एक हालचाल घेतात आणि शरीरातून तिचं काय होतं ते शोधत जातात.

टीव्हीवर दिसतो तो याचा गाण्याला जोडलेला, दोन मिनिटांत भावना पोचवणारा भाऊबंद. त्यात वाईट काही नाही. पण रंगमंचावर तेवढीच अपेक्षा घेऊन गेलात तर पहिली दहा मिनिटं बेचैन व्हाल. नर्तक नुसताच उभा राहील. चालत राहील. एकच हालचाल चाळीस वेळा करील.

खरं सांगायचं तर या 'चाळीस वेळा'ची सवय धाराशिवच्या प्रेक्षकाला मुंबईकरापेक्षा जास्त असायला हवी. तुळजापूर इथून वीस-बावीस किलोमीटरवर. ज्यानं रात्रभर चाललेला गोंधळ बघितलाय, दिवटीच्या उजेडात संबळाची तीच लय पुन्हा पुन्हा येताना ऐकलीय, त्याला ठाऊक असतं की पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा नव्हे. पंधराव्या आवर्तनाला जे होत नाही ते पन्नासाव्याला होतं. कमरेला संबळ बांधून वाजवता वाजवता नाचणाऱ्या गोंधळ्याचं वजन कुठल्या पायावर आहे, हे ज्या डोळ्यांना दिसतं, त्या डोळ्यांना समकालीन नृत्य बघायला वेगळं शिक्षण लागत नाही.

पण मुंबईच का?

फक्त मोठं शहर म्हणून नाही. भारतातल्या नव्या नृत्याच्या इतिहासातली काही महत्त्वाची वळणं मुंबईतच घडली.

उदय शंकर यांच्याकडे घडलेले आणि नंतर इप्टात काम केलेले शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' उभा केला. त्यांच्या 'रामायण'मध्ये माणसं कठपुतळ्यांसारखी हलायची. बर्धन १९५४ मध्ये गेले, पण संस्था टिकली. ती पुढं ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली.

दुसरं वळण १९८४ चं. मॅक्सम्युलर भवनच्या पुढाकारानं नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये 'ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर' भरलं. इथले आणि युरोपातले नर्तक एकत्र बसले, एकमेकांचं काम बघितलं, भांडलेही. बरीच वर्षं मंचापासून लांब असलेल्या चंद्रलेखा याच निमित्तानं पुन्हा लोकांसमोर आल्या. लगेच पुढच्या वर्षी त्यांचं 'अंगिका' आलं. भरतनाट्यम, योग आणि कळरिपयट्टू हा युद्धप्रकार त्यांनी एकत्र आणला. देवादिकांच्या गोष्टी बाजूला ठेवल्या आणि शरीर हाच विषय केला. चंद्रलेखा यांची कर्मभूमी चेन्नई, पण जन्म महाराष्ट्रातल्या वाड्याचा. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

तिसरं नाव अस्ताद देबू. जन्म १९४७, नवसारीचा. बालपण जमशेदपूरला, लहानपणी कथकचं शिक्षण. कॉलेजसाठी मुंबईत आले आणि तिथं अमेरिकेच्या मरे लुईस यांच्या नृत्यसंचाचा कार्यक्रम त्यांच्या बघण्यात आला. त्या एका प्रयोगानं त्यांची दिशा बदलली. पुढं ते युरोपात गेले, लंडनला मार्था ग्रॅहम यांचं तंत्र शिकले, परतून कथकली शिकले. मणिपूरच्या पुंग वादकांबरोबर त्यांनी काम केलं, कर्णबधिर मुलांबरोबर केलं, दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टच्या मुलांबरोबर केलं. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००७ मध्ये पद्मश्री. १० डिसेंबर २०२० ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

'एक प्रयोग बघायला चारशे किलोमीटर कशाला जायचं' असं घरी कुणी विचारलं तर देबूंचं उदाहरण द्यायला हरकत नाही. अर्थात, त्यावर 'तू काय अस्ताद देबू आहेस का' असं उत्तर येईल, त्याचीही तयारी ठेवा.

बघण्यासारखं काय?

आधी एक गोष्ट समजून घ्या. नाटकासारखे समकालीन नृत्याचे प्रयोग दर शनिवार-रविवारी लागत नाहीत. एखादी कलाकृती दोन-तीन प्रयोग होऊन वर्षभर गायब होते आणि अचानक एखाद्या महोत्सवात उगवते. त्यामुळं 'या रविवारी अमुक बघा' अशी यादी इथं मिळणार नाही. नावं लक्षात ठेवा, त्या कलाकारांना इन्स्टावर फॉलो करा आणि तारीख आली की हालचाल करा.

पहिलं नाव अवंतिका बहल यांचं. मुंबईच्या या नर्तिकेनं विशाल सरवैया यांच्यासोबत 'से, व्हॉट?' हे काम केलंय. विशाल यांना ऐकू येत नाही. दोघांच्या मधे भाषा कोणती, खुणांची की नाचाची, खूण कुठं संपते आणि नाच कुठं सुरू होतो, यावर सगळं उभं आहे. नृत्याचा गंध नसलेल्या माणसालाही यात धरायला धागा मिळतो. पहिल्यांदाच समकालीन नृत्य बघणाऱ्यानं अशाच कामापासून सुरुवात करावी. जिथं मंचावर दोन माणसं आहेत आणि त्यांच्यात काहीतरी घडतंय, तिथं 'याचा अर्थ काय' हा प्रश्न फार छळत नाही.

दुसरं, 'नवधारा इंडिया डान्स थिएटर'. अ‍ॅश्ली लोबो यांचा हा संच. बॅले, जॅझ, योग अशा पायावर उभं असलेलं, ताकदीचं, घोटीव काम. त्यांच्या 'अ पॅसेज टू बॉलिवूड'मध्ये गावाकडून मुंबईत येऊन सिनेमात नाचण्याचं स्वप्न बघणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. कथानक सरळ, नाच भरपूर, हिंदी गाण्यांची ओळख. रिअ‍ॅलिटी शो बघून घडलेल्या डोळ्यांना हा पूल सोपा आहे. क्लासची पोरं एकत्र निघणार असतील तर याची तारीख गाठावी.

भव्यतेची हौस असेल तर बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये जा. ३१ मार्च २०२३ ला ते सुरू झालं. तिथल्या ग्रँड थिएटरमध्ये दोन हजार प्रेक्षक बसतात. पहिलाच कार्यक्रम होता फिरोज अब्बास खान दिग्दर्शित 'द ग्रेट इंडियन म्युझिकल: सिव्हिलायझेशन टू नेशन', साडेतीनशेहून अधिक कलाकारांचा. खान यांचंच 'मुघल-ए-आझम' २०१६ मध्ये एनसीपीएत आलं, त्यातल्या कथकची रचना बंगळुरूच्या मयूरी उपाध्य यांची. हे काटेकोरपणे समकालीन नृत्य नव्हे, संगीतिका आहेत. तिकीटंही खिशाला जड. पण शेकडो पाय एकाच वेळी पडतात तेव्हा काय होतं, ते मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही.

आणि आता या यादीतलं सगळ्यात अनपेक्षित नाव: 'संगीत बारी'.

हो, लावणी. भूषण कोरगांवकर यांच्या 'संगीत बारी' या पुस्तकावरून झालेला आणि सावित्री मेधातुल यांनी दिग्दर्शित केलेला हा कार्यक्रम. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या, आयुष्य या कलेत काढलेल्या कलावंत यात मंचावर येतात. लावणी होते आणि मधूनमधून त्या बायकांच्या जगण्याची माहिती, किस्से, विनोदही. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर बसल्या जागी किती तऱ्हांनी अदा करता येते ते बघताना पृथ्वी थिएटरसारख्या ठिकाणचा प्रेक्षक चाट पडतो.

धाराशिवचा वाचक इथं हसेल. लावणी बघायला मुंबईला? सोलापूर-धुळे महामार्गानं येडशी, चोराखळीकडे गेलं की कला केंद्रांच्या पाट्या रस्त्यावरूनच दिसतात. संगीत बारीची परंपरा आपल्या दाराशी आहे. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा पसारा असतो. संगीत बारीत मुख्य लावणीच, आणि पार्टीची मालकीण बहुतेकदा बाईच.

पण प्रश्न असा की या केंद्रांत जाऊन ही कला बघितलेल्या किती बायका धाराशिवमध्ये सापडतील? आईला, बहिणीला, वर्गातल्या मैत्रिणींना घेऊन कोण जातं? कला दाराशी आणि बघायला बंदी, ही बंदी कायद्याची नाही, 'लोक काय म्हणतील'ची. केंद्रात दौलतजादा करणाऱ्या पुरुषाच्या नजरेसमोर जी लावणी होते, तीच नाट्यगृहात, सगळ्यांनी एकच तिकीट काढून, बायकापोरांसह बसून बघितली जाते तेव्हा नाच बदलत नाही, बघणारा बदलतो. आणि बघणारा बदलला की शकुंतलाबाईंच्या भुवईच्या एका हालचालीत किती वर्षांचा रियाज आहे, हे दिसायला लागतं. हा कार्यक्रम समकालीन ठरतो तो यामुळं. पारंपरिक कलेला आजच्या प्रश्नासमोर उभं करणं हेच तर चंद्रलेखा भरतनाट्यमबाबत करत होत्या.

एकाच कार्यक्रमासाठी मुंबईला जाता येणार असेल, तर धाराशिवच्या माणसानं 'संगीत बारी'च निवडावा. आणि जमलं तर सोबत घरातली एखादी बाई न्यावी.

कुठं लागतात हे प्रयोग?

एनसीपीए हे सगळ्यात जुनं आणि भरवशाचं ठिकाण. १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकारानं ही संस्था उभी राहिली. एका आवारात पाच रंगमंच आहेत. समकालीन नृत्यासाठी त्यातलं एक्सपेरिमेंटल थिएटर बघा. तीनेकशे जागा, नर्तकाचा श्वास ऐकू येतो. मोठ्या जमशेद भाभा थिएटरमध्ये मागची स्वस्त जागा घेण्यापेक्षा इथं बसणं कधीही चांगलं. २९ एप्रिल हा जागतिक नृत्यदिन, त्या सुमारास इथं नृत्याचे कार्यक्रम लागोपाठ असतात. एकाच खेपेत दोन-तीन कार्यक्रम पदरात पडू शकतात.

जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ चं. जेमतेम दोनशे जागा, तीन बाजूंनी प्रेक्षक. इथं जागांना नंबर नसतात, आधी येईल तो पुढं. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. 'धाराशिवहून आलोय हो' असं सांगूनही नाही. बाहेरच्या कॅफेतला आयरिश कॉफीवाला फोटो सगळे टाकतात, तो टाका, पण दार उघडायच्या आधी रांगेत उभे राहा.

महालक्ष्मीला शक्ती मिल गल्लीत 'जी५ए' आहे. काळ्या भिंतींची मोकळी खोली, गरजेप्रमाणे खुर्च्या मांडायच्या. प्रयोगशील काम इथं जास्त.

आणि पैसे वाचवायचे असतील तर काळा घोडा महोत्सव. १९९९ पासून भरतो, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात अशा नऊ दिवसांत. प्रवेश फुकट. फोर्ट भागातच सगळं, सीएसएमटीवरून चालत जाता येतं. नृत्याचे कार्यक्रमही असतात, शास्त्रीय, लोक, समकालीन सगळंच एकापाठोपाठ. दर्जा मात्र वर-खाली. शनिवार-रविवारी गर्दी इतकी की नर्तकांपेक्षा पुढच्या माणसाचा मोबाइल जास्त दिसतो. शक्य असेल तर मधला एखादा वार धरा.

गाडीचं गणित

लेखातला खरा कळीचा भाग हाच.

धाराशिववरून मुंबईला रात्रीची गाडी आहे. लातूर-मुंबई एक्स्प्रेस, आणि ठरावीक दिवशी बिदरहून येणारी. बार्शी, कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत सकाळी मुंबईत सोडते. जाताना अडचण नाही. सकाळी पोचलात, दिवस मोकळा, संध्याकाळी प्रयोग.

अडचण परतीची. हीच गाडी मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास सुटते. आता हिशेब करा. एनसीपीएतला प्रयोग साधारण सात-साडेसातला सुरू होणार. सातचा आणि तासाभराचा असेल तर टॅक्सी पकडून सीएसएमटी गाठता येईल, जीव मुठीत धरून. साडेसातचा असेल तर गाडी विसरा. पृथ्वीचा रात्री नऊचा प्रयोग असेल तर प्रश्नच मिटला. जुहू, बीकेसीकडून येणाऱ्यांनी आरक्षण करताना चढण्याचं स्थानक दादर किंवा ठाणे घेता येतं का ते बघावं, थोडा वेळ हाताशी राहतो. वेळा बदलतात, म्हणून प्रयोगाचं तिकीट काढायच्या आधी रेल्वेचं वेळापत्रक उघडा. लोक उलट करतात आणि फसतात.

दुसरा रस्ता सोलापूरवरून. धाराशिव ते सोलापूर एसटीनं साधारण दीड-दोन तास. १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू आहे. ती सकाळी सोलापुरातून सुटून दुपारी मुंबईत पोचते, म्हणजे संध्याकाळच्या प्रयोगाला सोयीची. पण परतताना ती मुंबईहून दुपारी चारच्या आसपासच निघते, तिचा उपयोग नाही. परतीला रात्री उशिराची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. ती पहाटे-सकाळी सोलापुरात सोडते आणि तिथून पुढं एसटी. गाडी रात्री साडेदहाच्या पुढं असल्यानं साडेसातचा प्रयोग बघून, काहीतरी खाऊनही ती मिळते.

सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे रविवारी दुपारचा प्रयोग शोधणं. चार-पाच वाजता सुरू झालेला कार्यक्रम बघून नऊची थेट गाडी आरामात मिळते, सोमवारी सकाळी घरी. मुलींच्या घरून परवानगी मिळायला हाच पर्याय सगळ्यात सोपा जातो. मुक्काम करायचाच तर सीएसएमटीवर रेल्वेचे विश्रांती कक्ष आणि स्लीपिंग पॉड आहेत. हॉटेलपेक्षा खर्च कमी आणि स्टेशन सोडावं लागत नाही.

पुण्यात भागेल का?

बऱ्याचदा भागेल. पुणं धाराशिवहून अडीचशे किलोमीटरच्या आत, एसटीनं पाच-सहा तास. नातेवाईक, रूमवरची मित्रमंडळी असतातच, त्यामुळं राहण्याचा खर्च वाचतो.

पुण्यात समकालीन नृत्य म्हटलं की हृषीकेश पवार हे नाव येतं. कथकच्या पायावर उभे राहून जर्मनीत ड्रेस्डेनच्या पालुका स्कूलमध्ये शिकून ते परतले आणि पुण्यात स्वतःचं केंद्र उभं केलं. पार्किन्सन्स झालेल्या ज्येष्ठांबरोबर त्यांनी केलेलं काम सगळ्यांत वेगळं. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना पाऊल उचलायला मेंदूशी झगडावं लागतं, अशी माणसं नाचतात. सहा पॅक आणि हवेतली कोलांटी म्हणजे कंटेम्पररी, असा समज असेल त्यानं हे काम, निदान त्याचे व्हिडिओ, आवर्जून बघावेत.

सुचेता भिडे-चापेकर यांची 'नृत्यगंगा'ही पुण्याचीच. भरतनाट्यमला हिंदुस्थानी संगीताची जोड देणारी. ती समकालीन म्हणावी की शास्त्रीय, यावर जाणकारांनी वाद घालावा. मराठी-हिंदुस्थानी सुरांवर वाढलेल्या कानांना कर्नाटक संगीतापेक्षा ती जवळची वाटते, एवढं खरं.

शिकण्याच्या दृष्टीनं बघणाऱ्यांसाठी एक सूचना: पुण्याला गेलातच तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात डोकावून या. नृत्यात पदवी, पदव्युत्तर शिक्षण तिथं मिळतं. शास्त्रीय नृत्याचं असलं तरी समकालीनमध्ये टिकलेल्या बहुतेकांचा पाया शास्त्रीयच होता. देबू कथक आणि कथकली, चंद्रलेखा भरतनाट्यम, पवार कथक.

डिसेंबरात सुट्टी मिळत असेल आणि गोव्याला जाणारच असाल, तर तारखा पणजीच्या सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलच्या जवळ आणा. २०१६ पासून तो भरतो, नृत्याचा स्वतंत्र विभाग असतो आणि नावनोंदणी केली की कार्यक्रम फुकट बघता येतात. मित्र बीचवर, तुम्ही प्रयोगाला.

आत बसल्यावर

माहितीपत्रक वाचा, पण प्रयोगानंतर. आधी वाचलं तर प्रत्येक हालचालीत त्यातला शब्द शोधत बसाल. टाळ्या कधी वाजवायच्या हे कळलं नाही तर इतरांची वाट बघा, त्यांनाही बऱ्याचदा कळलेलं नसतं. प्रयोगानंतर कलाकार चर्चेला बसणार असतील तर थांबा, गाडीची वेळ बघून. मुंबईत गुळगुळीत इंग्रजीत लांबलचक प्रश्न विचारणारे दोघं-तिघं असतातच, त्यांना दबू नका. मराठीत किंवा हिंदीत विचारा. 'ते मधे तुम्ही पंधरा मिनिटं नुसते चालत का होता?' हा प्रश्न कुठल्याही नर्तकाला त्या लांब प्रश्नापेक्षा जास्त आवडतो.

मोबाइल बंद. रील बनवू नका. अंधारात एक पडदा उजळला की मागच्या तीन रांगांचं लक्ष तुटतं, आणि लहान थिएटरमध्ये नर्तकाचंही.

आणि आवडलं नाही तर? नाही आवडलं. समकालीन नृत्याच्या नावावर पोकळ कामही भरपूर होतं. धूर, निळा दिवा, जड संगीत आणि आत काही नाही, असे प्रयोग मुंबईतही लागतात. 'आपल्याला कळलं नाही, आपण गावाकडचे' असं वाटून घ्यायचं कारण नाही. २०१७ मध्ये ९७ वं अखिल भारतीय नाट्यसंमेलन ज्या गावानं भरवलं, तिथल्या प्रेक्षकाला बरं-वाईट कळत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तोवर घरी बसून

परवानगी, पैसे, परीक्षा यांतलं काहीतरी आडवं येणारच. तोवर दोन सिनेमे बघून ठेवा. विम वेंडर्स यांचा 'पिना' (२०११), जर्मन नृत्यदिग्दर्शक पिना बाऊश यांच्या कामावरचा. बाऊश आपल्या संचासह भारतात येऊन गेल्या होत्या, आणि त्यांचं २००७ चं 'बांबू ब्लूज' भारतातल्या अनुभवांतूनच आलं. दुसरा, सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०), नेटफ्लिक्सवर. मुंबईतल्या दोन मुलांच्या खऱ्या प्रवासावर बेतलेला. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, अमिरुद्दीन शाह वेल्डरचा. इस्रायली-अमेरिकन शिक्षक येहुदा माओर यांच्या हाताखाली दोघं बॅले शिकले आणि अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. सिनेमात मनीषच्या व्यक्तिरेखेचं काम स्वतः मनीषनंच केलंय. त्यामुळं त्यातला नाच डुप्लिकेटचा नाही. घरच्यांना सोबत बसवून बघा आणि सिनेमा संपल्या संपल्या रविवारच्या तिकिटाचा विषय काढा.